तालिलिन रेल्वेचे पुनरुज्जीवन : जतन, कथन आणि विस्मरण

१

एखाद्या जुन्या ग्रंथाचा पाठ सिद्ध करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा प्रचलित, भेसळ झालेला पाठ शुद्ध केला. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली. तिचे आद्य संपादक वि. स. सुखठणकर यांनी व्यासांचा मूळ शब्द हाती लागल्याचा दावा कधी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जावे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. या दोन्ही उद्योगांत एक गोष्ट समान आहे. संपादक काही ठेवतो व काही वगळतो, आणि ही निवड कोणत्या तत्त्वावर झाली हे जाणल्याशिवाय सिद्ध झालेल्या संहितेचे वाचन पुरे होत नाही.

ग्रंथाच्या बाबतीत आपण जी दक्षता बाळगतो ती जतन केलेल्या वास्तू, यंत्रे व मार्ग यांच्या बाबतीत बाळगत नाही. ‘वारसा’ हा शब्द एकदा लागला की वस्तू जशी होती तशीच आपल्यापुढे उभी आहे असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात वेल्समधील तालिलिन या नॅरोगेज रेल्वेचा इतिहास व तिचे पुनरुज्जीवन यांचा विचार याच दक्षतेने करण्याचा प्रयत्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे याला तीन कारणे आहेत. जगात स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ही पहिली रेल्वे, आणि तिचा पुढाकार एका लेखकाकडे होता. दुसरे असे की, तिच्या पुनरुज्जीवनाची कीर्ती प्रामुख्याने एक पुस्तक, एक चित्रपट व एक बालकथामाला यांनी पसरविली. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे, या कथनांनी जेवढे जपले तेवढेच काही झाकूनही टाकले. हे झाकलेले वाचता आले तर आपल्याकडील ‘वारसा’ या कल्पनेकडेही अधिक चिकित्सकपणे पाहता येईल.

२

तालिलिन रेल्वेचा जन्म कापसाच्या दुर्भिक्षातून झाला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मँचेस्टरच्या मॅक्कॉनेल या गिरणीमालक घराण्याने आपले भांडवल अन्यत्र गुंतविण्याचे ठरविले, आणि वेल्सच्या मेरिओनेथ परगण्यातील ब्रिन एग्लुइस ही पाटीच्या दगडाची खाण हाती घेतली. हा तोच दगड, ज्याचे पातळ थर सुटून छपरांच्या फरश्या व शाळकरी मुलांच्या पाट्या तयार होतात. इंग्लंडमधील वाढत्या औद्योगिक शहरांच्या घरांवर ही छपरे चढत होती आणि मागणीला तोटा नव्हता.

अडचण वाहतुकीची होती. खाण डोंगरात उंचावर, समुद्रकिनारा कित्येक मैल दूर. त्यापूर्वी हा दगड ओझ्याच्या जनावरांवरून पेनाल गावापर्यंत आणि तेथून होडीने आबेरडवी बंदराकडे जात असे. नव्या मालकांनी तौविन या किनाऱ्यावरील गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रूळ टाकण्याचे ठरविले. जेम्स स्विंटन स्पूनर हे अभियंता होते. रुळांमधील अंतर सव्वादोन फूट, मार्गाची एकूण लांबी सुमारे सव्वासात मैल. १८६५ मध्ये पार्लमेंटने या कंपनीचा कायदा संमत केला. त्यात दगडाबरोबर उतारूंचीही ने-आण करण्याची तरतूद होती. वाफेच्या इंजिनांसाठीच आखलेल्या व पहिल्यापासून उतारू नेण्याचा अधिकार असलेल्या आरंभीच्या अरुंद मार्गांपैकी हा एक होय. व्हाइटहेवन येथील फ्लेचर, जेनिंग्ज आणि कंपनी यांच्या कारखान्यातून दोन इंजिने आली : पहिले ‘तालिलिन’, दुसरे ‘डोल्गोख’. चार उतारू डबे व एक ब्रेकव्हॅन एवढा संसार. वाटेवरील लहान थांब्यांवर तिकीटघर चालविणे परवडणारे नव्हते, म्हणून ब्रेकव्हॅनमध्येच तिकिटाची खिडकी ठेवलेली होती आणि गार्डच तिकिटे देई.

खाणकामगारांसाठी आबेर्गिनोल्विन हे गाव वसविले गेले. गावाच्या वरून जाणाऱ्या रुळांपासून एक उतरण थेट गावात नेलेली होती. तिच्यावरून कोळसा व सामान घरांच्या मागील बाजूस खाली सोडले जाई. भरभराटीच्या दिवसांत खाणीवर सुमारे तीनशे माणसे काम करीत. त्यांची भाषा वेल्श होती. मालक व हिशेब मँचेस्टरचे, घाम व गाणी वेल्सची, अशी ही विभागणी या रेल्वेच्या पायातच आहे. पुढील विवेचनात तिचा पुन्हा पुन्हा विचार करावा लागेल.

३

या मार्गाच्या आरंभीच्या इतिहासातील एक प्रसंग येथे मुद्दाम नमूद केला पाहिजे. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर मार्गाची तपासणी करण्यासाठी आले असता असे आढळले की, पुलांखालून जाताना डब्याची बाजू व पुलाची भिंत यांच्यामध्ये पुरेशी जागा उरत नाही. गाडी पुलाखाली अडकून थांबली तर उतारूला दार उघडून बाहेर पडता येणार नाही. पूल पाडून पुन्हा बांधणे खर्चाचे होते. तेव्हा असा तोडगा निघाला की, डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करावीत आणि पुलांखाली रूळ मध्यापासून थोडे सरकवून दुसऱ्या बाजूला अधिक जागा ठेवावी. आजही या मार्गावर उतारूंची चढ-उतर एकाच बाजूने होते.

पाठचिकित्सेत एक जुना दंडक आहे : दोन पाठांपैकी जो अधिक अवघड, तो बहुधा अधिक मूळचा, कारण नकलनवीस अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. ही बंद दारे हा तालिलिनचा ‘अवघड पाठ’ म्हणता येईल. पुढे ज्यांनी रेल्वेचा जीर्णोद्धार केला त्यांना हा दोष दुरुस्त करण्याचा मोह टाळता आला, ही त्यांच्या संपादकीय शहाणपणाची खूण होय. एरवी केवळ ‘जुनी गाडी’ म्हणून जे दिसते ते या बंद दारांमुळे एका विशिष्ट काटकसरीचा, एका विशिष्ट चुकीचा व तिच्यावर काढलेल्या उपायाचा पुरावा ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटीच्या दगडाचा धंदा उतरणीला लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅक्कॉनेल घराण्याने खाणीतून अंग काढून घेतले. १९११ मध्ये त्या भागाचे उदारमतवादी खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी खाण, गाव व रेल्वे विकत घेतली. गावातील रोजगार टिकावा हा त्यांचा मुख्य हेतू होता. धंदा कधीच पूर्वपदावर आला नाही. १९४६ च्या डिसेंबरात खाणीचा भाग कोसळला आणि काम कायमचे थांबले. हेडन जोन्स यांनी मात्र आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालू ठेवण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले. उन्हाळ्यातील मोजके दिवस गाडी धावे. १८६० च्या दशकातील तेच डबे, एकटे ‘डोल्गोख’ इंजिन, आणि गवतात बुडालेले झिजके रूळ. १९४८ मध्ये ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा त्या कायद्याच्या यादीत या छोट्या मार्गाचे नाव नव्हते. या वगळण्यानेच तिचा बचाव केला असे म्हणावे लागते. कारण शेजारच्या कॉरिस मार्गाची मालकी राष्ट्रीयीकृत व्यवस्थेकडे गेली आणि तो १९४८ मध्येच बंद झाला.

४

२ जुलै १९५० रोजी हेडन जोन्स निवर्तले. याच्या आधीपासून एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने तालिलिनच्या भवितव्याचा विचार चालविला होता. रोल्ट (१९१०–१९७४) हे शिक्षणाने यंत्रज्ञ. स्टोक येथील कर, स्टुअर्ट या इंजिन बनविणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली होती. ‘नॅरो बोट’ (१९४४) या त्यांच्या प्रवासवर्णनाने इंग्लंडच्या विसरलेल्या कालव्यांकडे वाचकांचे लक्ष वेधले आणि १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. एका पुस्तकाने वाचकांचा समुदाय निर्माण होतो व तो समुदाय पुढे कृतीला प्रवृत्त होतो, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलमध्ये त्यांनी व त्यांच्या मित्रांनी सभा बोलाविली. तीतून तालिलिन रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी उभी राहिली. हेडन जोन्स यांच्या पत्नीच्या संमतीने व रेल्वेचे जुने व्यवस्थापक एडवर्ड टॉमस यांच्या साहाय्याने कंपनीचे भाग सोसायटीच्या सहभागाने चालणाऱ्या व्यवस्थेकडे आले. १४ मे १९५१ रोजी नव्या व्यवस्थापनाखालील पहिली गाडी तौविनहून सुटली. रुळांची अवस्था पाहता त्या दिवशी ती वाटेतील र्‍हिदिरोनेन थांब्यापर्यंतच नेण्यात आली. त्यानंतर काही आठवड्यांत आबेर्गिनोल्विनपर्यंतची सेवा सुरू झाली. रोल्ट हे पहिल्या दोन हंगामांचे व्यवस्थापक.

येथे एक तपशील अर्थपूर्ण आहे. १८६५ च्या कायद्याने स्थापन झालेली कंपनी मोडीत काढलेली नव्हती. १९५० चा हंगाम संपला आणि पुढच्या हंगामात गाडी पुन्हा निघाली. म्हणजे ही रेल्वे कायद्याच्या अर्थाने कधीच बंद पडली नाही. बंद पडलेल्या वस्तूचे पुनरुत्थान आणि चालू वस्तूचे हस्तांतर यांत मोठा फरक आहे. पहिल्यात पुरातत्त्वज्ञाची दृष्टी असते, दुसऱ्यात परंपरेतील वारसदाराची. ग्रंथांच्या भाषेत बोलायचे तर, पोथी कपाटात सापडली असे येथे घडले नाही. तिचे पारायण खंडित होण्यापूर्वीच दुसऱ्या वाचकाने ती हाती घेतली.

परंतु पारायण चालू ठेवायचे तर पोथीची पाने बदलावी लागतात. बंद पडलेल्या कॉरिस मार्गाचे रूळही सव्वादोन फुटांचेच होते, म्हणून तेथील उरलेली दोन्ही इंजिने सोसायटीने विकत घेतली. त्यांना ‘सर हेडन’ व ‘एडवर्ड टॉमस’ अशी नावे दिली गेली. दुसरे इंजिन १९२१ मध्ये कर, स्टुअर्टच्याच कारखान्यात घडलेले, म्हणजे जेथे रोल्ट पुढे उमेदवारीला राहिले तेथलेच. ‘सर हेडन’ला प्रथम हे रूळ मानवेनात. तालिलिनचे रूळ ठरलेल्या मापापेक्षा किंचित अधिक रुंद अंतरावर होते आणि ते इंजिन रुळांवरून उतरू लागले. कागदावर दोन्ही मार्गांचे माप एकच होते. प्रत्यक्षात प्रत्येक मार्गाची स्वतःची बोली होती. शेवटी रूळच सुधारावे लागले. ‘तालिलिन’ इंजिनाची पूर्ण पुनर्बांधणी होऊन ते १९५८ मध्ये पुन्हा धावू लागले. ज्याने पहिले हंगाम एकट्याने ओढले ते ‘डोल्गोख’ १९५४ नंतर दुरुस्तीसाठी काढले गेले व १९६३ मध्ये परतले. स्लीपर बदलले, रूळ बदलले, बॉयलर बदलले. १९७६ मध्ये तर जेथे पूर्वी केवळ दगडाच्या वाघिणी जात त्या नांत ग्वेर्नोलपर्यंतच्या तुकड्यावर उतारू गाडी नेण्यात आली. मूळ मार्गावर जे कधीच नव्हते ते मूळ मार्गाच्याच जागेवर घडले.

ही भर प्रक्षेप मानावी काय? माझ्या मते नाही. प्रक्षेप तो, जो आपण मूळचे आहोत असे भासवितो. या विस्ताराचे साल नोंदलेले आहे, त्याचे प्रयोजन उघड आहे. चालती वस्तू जतन करताना तिचे द्रव्य टिकविणे शक्य नसते. टिकते ती रीत, आणि केलेल्या बदलांची नोंद. तालिलिनचे हे यश मान्य करूनच पुढील प्रश्नाकडे वळले पाहिजे.

५

रोल्ट यांनी आपला अनुभव ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ (१९५३) या पुस्तकात लिहिला. त्याच वर्षी ईलिंग स्टुडिओचा ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा चित्रपट आला. पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची, दिग्दर्शन चार्ल्स क्रिक्टन यांचे. क्लार्क यांनी तालिलिनला भेट दिली होती व तेथूनच त्यांना कल्पना सुचली. बालकथालेखक रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री हे सोसायटीचे आरंभीचे सभासद. १९५२ मध्ये त्यांनी या मार्गावर स्वयंसेवक गार्ड म्हणून काम केले. त्यांच्या ‘फोर लिटल एंजिन्स’ (१९५५) या पुस्तकात तालिलिन ही ‘स्कार्लोई रेल्वे’ झाली आणि ‘सर हेडन’चा ‘सर हँडल’ झाला. उपाहारगृह चालविणाऱ्या बाईंना स्थानकावर मागे ठेवून गाडी निघून गेल्याची त्यातील गोष्ट ऑड्री यांच्या गार्ड असतानाच्या प्रत्यक्ष प्रमादावरूनच आलेली आहे.

या तीन कृतींचा क्रम लावून पाहिला तर एक सरळ रेषा दिसते. रोल्ट यांच्या पुस्तकात स्थळ खरे आहे, माणसे खरी आहेत, वेल्सचा पाऊस व वेल्सचे डोंगर आहेत. पण कथेचा नायक बाहेरून आलेला स्वयंसेवक आहे. त्याच्या दृष्टीने रेल्वेची कथा तिच्या संकटापासून सुरू होते. चित्रपटात वेल्स नाहीसा होतो. टिटफील्ड हे काल्पनिक इंग्रज खेडे आहे, त्याचे चित्रण बाथ शहराच्या परिसरात झाले. तेथे धर्मगुरू व जमीनदार मिळून बसकंपनीशी झुंज देत आपला फाटा वाचवितात. या मार्गावर कोणता माल जात होता, तो कोणी खणला, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ऑड्री यांच्या कथांत माणसेही मागे पडतात. ‘सोडर’ या कल्पित बेटावर इंजिनेच बोलतात, रुसतात आणि शहाणी होतात. स्थळापासून खेड्याकडे, खेड्यापासून बेटाकडे. श्रमापासून छंदाकडे, छंदापासून खेळाकडे, असा हा प्रवास आहे.

यात लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक कृती आपापल्या प्रकाराचे नियम पाळते, आणि बालकथेने खाणीचा इतिहास सांगावा अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु परिणाम नोंदलाच पाहिजे. ही कथने इतकी लोकप्रिय झाली की त्यांनी मूळ वस्तूचा अर्थच बदलला. पुढे तालिलिनवरील काही इंजिनांना या कथांतील पात्रांचा रंग व चेहरा देऊन चालविण्यात आले. प्रतिमेने मूळ वस्तूला आपला वेश घातला. टीकाग्रंथ मूळ ग्रंथाहून अधिक वाचला जाऊ लागला की काय होते, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आपण पाहिलेलेच आहे.

६

मग खाण कोठे आहे? ती वेल्श भाषेच्या साहित्यात आहे. केट रॉबर्ट्स यांची ‘त्राएद मेवन कफियोन’ (१९३६) ही कादंबरी पाटीच्या खाणीवर जगणाऱ्या कुटुंबाची कथा आहे. टी. रोलंड ह्यूज यांची ‘ख्वाल्वा’ (१९४६) ही १९०० ते १९०३ या काळातील पेनरिन खाणीच्या दीर्घ संघर्षावर उभी आहे. या संघर्षाने एकेका गावाची, एकेका घराची फाळणी केली. कॅराडॉग प्रिचर्ड यांची ‘ईन नोस ओला लेउअद’ (१९६१) ही अशाच एका खाणगावातील बालपणाच्या विदीर्ण आठवणींची कादंबरी आहे. या कृती तालिलिनच्या परिसरातील नाहीत, उत्तरेकडील मोठ्या खाणींच्या प्रदेशातील आहेत. पण ज्या श्रमजीवनाचा तालिलिन हा एक लहान धागा होता ते जीवन त्यांत आहे.

अशा रीतीने एकाच उद्योगाचे दोन वाङ्मयीन इतिहास दोन भाषांत लिहिले गेले आणि त्यांची क्वचितच गाठ पडली. इंग्रजीत गाडी राहिली, खाण गेली. वेल्शमध्ये खाण राहिली आणि तिचा माल वाहून नेणारी गाडी केवळ पार्श्वभूमीला उरली. एका वाचकाच्या डोळ्यांपुढे धुराची लांब रेघ व हिरवी दरी आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे छातीत साठलेली दगडाची धूळ आहे. तौलनिक साहित्याभ्यासाचे प्रयोजन अशाच ठिकाणी असते. कारण एका भाषेचे मौन दुसऱ्या भाषेत बोलते आणि दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज ते मौन होते हेही कळत नाही.

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाचा भूप्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला. त्यात ब्रिन एग्लुइस खाण, आबेर्गिनोल्विन गाव व तालिलिन रेल्वे यांचा एकत्र समावेश आहे. सोसायटीच्या स्थापनेनंतर सुमारे सात दशकांनी खाण, गाव व गाडी ही एका वाक्यात आली. पुनरुज्जीवनाची खरी परिपूर्ती मला १९५१ पेक्षा येथे अधिक दिसते. रूळ १९५१ मध्ये सावरले गेले. त्यांचा संदर्भ सावरायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

७

या विवेचनाचा आपल्याकडे काय उपयोग, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकाने विचारणे रास्त आहे. पहिली गोष्ट अशी की, ज्या कापूस-दुर्भिक्षाने मँचेस्टरच्या भांडवलाला वेल्सच्या डोंगरात नेले त्याच दुर्भिक्षाने वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला जागतिक बाजारात ओढले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० च्या सुमारास खामगाव व अमरावती या कापूसपेठांना फाटे जोडले गेले. तालिलिन व वऱ्हाडचे रूळ ही एकाच आर्थिक घटनेची दूरची भावंडे आहेत.

वऱ्हाडातच पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळ यांच्याकडे जाणारे नॅरोगेज मार्ग किलिक, निक्सन या कंपनीच्या पुढाकाराने उभे राहिले. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले. तालिलिनप्रमाणेच हा मार्गही राष्ट्रीयीकरणातून निसटला आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके त्याची मालकी खासगी कंपनीकडे राहिली. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन येथे १९२३ पासून १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल इंजिन आले, आणि अलीकडच्या वर्षांत गाडीच थांबली. साम्य येथवर आहे. रोल्ट यांच्यासारखा लेखक, बर्मिंगहॅमसारखी सभा व सुटीचे दिवस खर्ची घालू शकणारा मध्यमवर्ग हे मात्र शकुंतलेच्या वाट्याला आले नाहीत. तिचे उतारू शेतकरी, शेतमजूर व बाजारकरी होते. त्यांना गाडी हवी होती ती स्वस्त प्रवासासाठी. वारसा हा शब्द त्यांच्या मागणीत नंतर आला.

याच्या शेजारी भारतातील मान्यताप्राप्त वारसा-मार्गांची यादी ठेवावी. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५), कालका–सिमला (२००८) हे तिन्ही जागतिक वारशात गेले, आणि तिन्ही थंड हवेच्या ठिकाणी जाणारे आहेत. महाराष्ट्रात नेरळ–माथेरान हा १९०७ चा मार्ग पीरभॉय घराण्याच्या उद्योगातून निर्माण झाला. २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला व २००७ मध्ये पुन्हा चालू झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा मोडला व २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा उभा राहिला. ही जिद्द स्तुत्य आहे. पण मैदानातील बार्शी लाइट रेल्वेचे काय झाले? एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेला हा अडीच फुटी मार्ग पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला. कित्येक पिढ्यांची वारी त्याने वाहिली. त्याच अभियंत्याने बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडमध्ये लीक–मॅनिफोल्ड हा मार्ग १९०४ मध्ये उभारला. येथे मूळ संहिता भारतीय व भाषांतर इंग्रज. भाषांतर १९३४ मध्ये बंद होऊन पायवाट झाले. मूळ संहिता एकविसाव्या शतकात ब्रॉडगेजमध्ये विलीन झाली.

ब्रॉडगेजबद्दल तक्रार करण्याचा अधिकार दूरस्थ अभ्यासकाला नाही. पंढरपूरच्या वारकऱ्याला व लातूरच्या व्यापाऱ्याला वेगवान गाडी मिळाली, हे इष्टच झाले. प्रत्येक जुना रूळ संग्रहालयात ठेवावा असेही मला सुचवायचे नाही. सुचवायचे ते एवढेच की, जतनाची निवड कोण करतो व कोणत्या कथनाच्या बळावर करतो हे तपासले पाहिजे. डोंगरावरील गाड्यांभोवती पर्यटनाचे, छायाचित्रांचे व चित्रपटगीतांचे कथन आयते होते. कापूस, ऊस, धान्य व यात्रेकरू वाहणाऱ्या गाड्यांचे कथन लोकांच्या बोलण्यात, ओव्यांत, बाजाराच्या आठवणींत विखुरलेले आहे. ते गोळा करणे हे रेल्वेच्या खात्याचे काम नाही. ते भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

या दृष्टीने तीन कामे तातडीची वाटतात. एक, बार्शी, शकुंतला व तत्सम मार्गांवर राबलेल्या गँगमन, फायरमन, गार्ड व स्थानकांवरील विक्रेत्यांच्या आठवणी त्यांच्या बोलीत नोंदविणे. वऱ्हाडी व बालाघाटी बोलींतील रेल्वेविषयक शब्दसंपदा त्यांच्याबरोबरच लोपत आहे. दोन, मराठी कथा-कादंबरी, लोकगीते व आत्मचरित्रे यांतील या मार्गांचे उल्लेख एकत्र करणे. तीन, हे संकलन करताना मालकांची कागदपत्रे व कामगारांची तोंडी साक्ष एकाच खंडात ठेवणे, म्हणजे वेल्समध्ये इंग्रजी व वेल्श यांत पडली तशी फाळणी आपल्या नोंदींत पडणार नाही.

कालिदासाच्या नाटकात राजाला शकुंतला आठवत नाही ती शापामुळे, आणि अंगठी हाती येताच स्मृती परतते. ती अंगठी राजाला सापडलेली नाही. एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडली, आणि चोर समजून त्यालाच प्रथम बांधून आणले गेले. वऱ्हाडातल्या शकुंतलेची खूणही बहुधा अशाच कोणा सामान्य माणसापाशी असेल. तो अजून सांगू शकतो आहे तोवर ती ऐकून घ्यावी.